तळटीपवाले सर

सरांच्या धाकट्या सुनेला लग्नानंतर चार महिने असं वाटत होतं, की कृष्णाजी हे सासरकडचे कुणीतरी वडीलधारे असून खानदेशात नोकरीला आहेत. घरात बोलणंच तसं चालायचं. "कृष्णाजींच्या पगारात भागत नव्हतं हो." "कृष्णाजींनी धारवाडची जागा घ्यायलाच नको होती." मुलगी नवी, मोठ्यांच्या पैशाच्या गोष्टीत आपण कशाला बोला, म्हणून गप्प ऐकून घ्यायची. मग एकदा जेवताना सर हातातला घास तसाच धरून म्हणाले, "हुबळीला गेले आणि तिथंच प्लेगनं गाठलं. पाठोपाठ बायकोही गेली." मुलीच्या हातून आमटीची वाटी निसटली. तिनं घाबरत घाबरत विचारलं, "आपल्याला सुतक किती दिवसांचं?"

"७ नोव्हेंबर १९०५," सर म्हणाले. "फिटलं असेल आता."

कृष्णाजी म्हणजे कृष्णाजी केशव दामले. तुम्ही-आम्ही त्यांना केशवसुत म्हणतो. सर म्हणत नाहीत. "मास्तरकीचा पगार केशवसुतांच्या नावानं निघत नव्हता," हे त्यांचं कारण. काकूंचं म्हणणं थोडं वेगळं आहे. त्या आल्यागेल्याला सांगतात, "आमच्याकडे दामले नावाचे पेइंग गेस्ट असतात. बोलत नाहीत, जेवत नाहीत, भाडंही देत नाहीत. खोली मात्र त्यांना हवेशीर लागते." ती हवेशीर खोली म्हणजे सरांची अभ्यासिका. पूर्वी तिथं मुलं झोपायची. मुलं हॉलमध्ये आली, मग परदेशी गेली, धाकटा तेवढा इथं राहिला. कृष्णाजींनी जागा सोडली नाही.

मराठी साहित्यात प्रत्येकाची काही ना काही सोय लागलेली आहे. कवीला संमेलन असतं, समीक्षकाला परिसंवाद असतो, कादंबरीकाराला कुणीतरी सिनेमा काढील ही आशा असते. दुसऱ्याचं आयुष्य लिहीत बसलेल्या माणसाला फक्त कापडी पिशवी असते. सरांच्या पिशवीत एक भिंग, धूळ झटकायला दाढीचा जुना ब्रश, पिल्ले जंत्रीतल्या काही वर्षांची झेरॉक्स (तिथी सांगितली की इंग्रजी तारीख काढायला), पाठकोऱ्या कागदांचं बाड आणि एक पोळीभाजीचा डबा. डबा कुठल्याही ग्रंथालयात आत नेऊ देत नाहीत, त्यामुळे तो बाहेरच्या कट्ट्यावर ठेवावा लागतो आणि पुण्यातल्या दोन-तीन संस्थांच्या आवारातली मांजरं सरांना नावानिशी ओळखतात, असं काकू म्हणतात. यात अतिशयोक्ती असेल. पण सर दिसल्यावर ती उठून उभी राहतात हे मी पाहिलेलं आहे.

जगातल्या सगळ्या घटना सर एकाच माणसाच्या मापानं मोजतात. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, तर "'तुतारी' लिहिली ते साल." साहित्य परिषद १९०६ ची, "कृष्णाजी गेले त्याच्या पुढच्या वर्षीची." भांडारकर संस्था १९१७ ची; "हरिभाऊ आपट्यांनी कृष्णाजींचा संग्रह काढला, त्याच वर्षी ती एक संस्थाही निघाली." १९१७ सालाबद्दल सर एरवी फारसं बोलत नाहीत. रशियात त्या वर्षी काही झालं होतं हे त्यांच्या कानावर आहे.

मी त्यांच्या वर्गात होतो. 'तुतारी' आम्हाला अभ्यासक्रमात होती. सरांनी पहिल्या तासाला फळ्यावर लिहिलं : 'मुंबई, २८ मार्च १८९३.' कृष्णाजी कवितेखाली ती कुठं आणि कधी लिहिली याची नोंद ठेवत, आणि ही सवय सरांच्या मते त्यांच्या प्रतिभेचं सर्वांत मोठं लक्षण होतं. एवढी एक ओळ आम्ही नेटानं शिकलो. मुंबई म्हणजे नेमकी कुठली, तेव्हा कवीला नोकरी होती की नव्हती, मार्चच्या २८ ला वार कोणता, त्या दिवसाच्या आगेमागे टपालानं काय आलं असेल. सत्र संपत आलं तेव्हा आमच्यातल्या एकानं धीर करून विचारलं, "सर, कविता?" सरांनी पुस्तक त्याच्यापुढे सरकवलं. "वर छापली आहे की. ती वाचायला मास्तर कशाला लागतो?" आम्ही परीक्षेला गाइड वाचून बसलो आणि बरे पास झालो. इतक्या वर्षांनी सांगतो, गाइडातलं एक वाक्य आठवत नाही. वार मंगळवार होता.

बोलतानाही सरांना तळटीप सोडवत नाही. मुख्य वाक्य चालू असताना उजव्या हाताची तर्जनी जमिनीकडे गेली, की समजायचं आपण खाली उतरलो. मग आवाजही थोडा बारीक होतो. तळटीप संपली की बोट वर येतं आणि वाक्य सोडलं होतं तिथून पुढं सुरू होतं. ऐकणाऱ्याला सवय नसेल तर तो खाली वाकून काही पडलंय का पाहतो. एका व्याख्यानमालेत विषय होता 'केशवसुत : व्यक्ती आणि काव्य'. तासाभराच्या भाषणात बोट इतक्यांदा खाली गेलं की शेवटी अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं तेव्हा कृष्णाजींची मुंज व्हायची होती. अध्यक्ष समारोपात म्हणाले, "वक्त्यांनी आज आपल्याला कवीच्या अगदी जवळ नेलं." हे भौगोलिकदृष्ट्या खरं होतं. आम्ही मालगुंडपर्यंत आलो होतो.

आता जन्मतारखेचं प्रकरण. केशवसुतांची जन्मतारीख एक पक्ष १५ मार्च १८६६ मानतो, दुसरा ७ ऑक्टोबर १८६६. सर मार्चवाले. एवढ्यानं काय बिघडतं, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं. पण एका शाळेनं त्यांना ७ ऑक्टोबरला जयंतीचे प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं. सर गेले. मुलींनी स्वागतगीत म्हटलं, तसबिरीला हार घालायला ताट पुढं आलं. सरांनी हार उचलला, परत ताटात ठेवला आणि माइकवर म्हणाले, "आज कसलाच दिवस नाही. मार्चमध्ये येईन." आणि चालू लागले. दारात थांबून बोट जमिनीकडे केलं आणि म्हणाले, "तसबीरही त्यांची नाही."

दुसरंही खरं होतं. केशवसुतांचं खात्रीचं छायाचित्रच उपलब्ध नाही. आपण पाहतो ती कुणाकुणाच्या कल्पनेतून उतरलेली चित्रं. आधुनिक मराठी कवितेचा जनक म्हणून ज्याला शंभर वर्षं गौरवतो, त्याचं नाक कसं होतं ते आपल्याला ठाऊक नाही. माझ्या मते ही मराठी समाजाच्या स्वभावाची फार चांगली खूण आहे. स्मारक होतं, शताब्दी होते, रस्त्याला नाव दिलं जातं. फोटो आधी काढून ठेवावा हे मात्र सुचत नाही. मालगुंडला, गणपतीपुळ्याच्या शेजारी, त्यांचं चांगलं स्मारक आहे, १९९४ साली कुसुमाग्रजांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं, हे सरही आदरानं सांगतात. उद्घाटन कुठल्या महिन्यात झालं ते विचारलं की ते तारीख सांगतात आणि वर म्हणतात, "ही मात्र वादातीत आहे."

तारखांच्या या हट्टाबद्दल मी एकदा कुरकुर केली. सरांनी मला बसवलं. "अरे, १८९८-९९ साली भारदे नावाच्या गृहस्थांनी 'भारद्वाज' या नावानं 'सुधारका'त लेख लिहिले, की ज्ञानेश्वरी लिहिणारे ज्ञानदेव वेगळे आणि अभंग रचणारे वेगळे. केवढा गहजब झाला! तुकोबांच्या जन्मसालाची तर चार-चार मतं. त्यांत चाळीस वर्षांचं अंतर. ज्या भाषेला आपला पहिला मोठा कवी एक होता की दोन यावर भांडावं लागलं, तिथं मी एका कवीला सात महिन्यांच्या आत आणून ठेवलाय. आणि तू म्हणतोस, काय बिघडतं!" यावर उत्तर नव्हतं. म्हणून मी विषय बदलून चहा मागितला.

सरांचं दैवत बॉसवेल. डॉक्टर जॉन्सनचं चरित्र लिहिणारा. बॉसवेल आणि जॉन्सन १७६३ च्या मे महिन्यात लंडनच्या एका पुस्तकाच्या दुकानात भेटले, आणि चरित्र १७९१ ला आलं, हे सगळं ते सांगतात. पण त्यांचे डोळे चमकतात ते पुढच्या भागाला. बॉसवेलचे कागद नाहीसे झाले असं लोक पिढ्यान्‌पिढ्या समजत होते. मग गेल्या शतकात आयर्लंडमध्ये, डब्लिनजवळच्या मॅलहाइड किल्ल्यात, वंशजांकडे ते निघाले. आणि १९३० साली त्याच किल्ल्यात क्रोके नावाच्या खेळाचं साहित्य ठेवायची एक पेटी उघडली, तर तिच्यातही हस्तलिखित!

या एका पेटीनं सरांचा आणि महाराष्ट्रातल्या कित्येक निष्पाप कुटुंबांचा घात केला. सर कुणाकडे गेले की कॅरमबोर्डामागे पाहतात. पत्त्यांचे डबे उघडतात. एका घरी सोंगट्यांची पेटी उघडून दाखवा म्हणून अडून बसले, आत सोंगट्या निघाल्या तर म्हणाले, "याच्या खाली?" घरच्या आजींनी विचारलं, "हे महावितरणकडून आलेत का?"

जुन्या पत्रांचं म्हणाल तर पुण्यात एक ठरलेलं उत्तर आहे. कुठल्याही जुन्या घरी जाऊन आजोबांचे कागद विचारा. वडीलधारा माणूस सुस्कारा टाकतो आणि म्हणतो, "पानशेतमध्ये गेले हो सगळे." १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला फुटलं, नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या, माणसं गेली, संसार गेले, त्याची थट्टा कुणी करू नये. पण सरांनी एक वही घातली आहे. कुणी कुठल्या घरातले कोणते कागद पानशेतमध्ये गेल्याचं सांगितलं, याची. त्या वहीप्रमाणे मुठेला त्या दिवशी चिखलापेक्षा पत्रव्यवहारच जास्त आला होता. डोंगरउतारावरच्या बंगल्यांतले कागद तिच्यात आहेत. साताऱ्याचे आहेत. एक नागपूरकर तर तोंड भरून सांगत होते. सरांनी शांतपणे विचारलं, "मुठेचं पाणी सीताबर्डीवर चढलं कसं?" नागपूरकर क्षणभर थांबले आणि म्हणाले, "मग वाळवी असेल." सरांनी वहीत पानशेत खोडून वाळवी लिहिलं. नोंद बिनचूक हवी.

पण कधीतरी ट्रंक सापडते. अशीच एक ट्रंक खानदेशातल्या कुठल्याशा जुन्या हेडमास्तरांच्या पणतूकडे निघाली. केशवसुत १८९७ नंतर, मुंबईत प्लेगचा जोर असताना, खानदेशात मास्तरकी करायला गेले; भडगाव, मग फैजपूर. तेव्हा खानदेशातली ट्रंक म्हणजे सरांच्या दृष्टीनं मॅलहाइडच. रात्रीच्या एसटीनं गेले. ट्रंकेत दूधवाल्याचे हिशेब होते, मुंजींच्या निमंत्रणपत्रिका होत्या, गंडभेरुंडाची एक फुटकी मूर्ती होती आणि एक कार्ड होतं. कार्डावर कुणीतरी कुणाला तरी लिहिलं होतं की दामले मास्तर यांची छत्री आमचेकडे राहिली आहे, ती येणारा-जाणारा पाहून पाठवून देतो.

छत्री!

इथून पुढचा काळ आम्ही सगळे 'छत्रीप्रकरण' म्हणून ओळखतो. कार्डावर साल नव्हतं. शिक्का अर्धा होता. दामले तर रत्नागिरी जिल्ह्यात दगड मारला की लागतो, आणि त्यातले निम्मे मास्तर. सरांनी शिक्का वाचायला पोस्टाच्या जुन्या शिक्क्यांच्या एका शौकीन संग्राहकाला गाठलं. कार्डावर छापलेल्या बादशहाच्या मुद्रेवरून काळ ठरवला. छत्री ज्या अर्थी विसरली त्या अर्थी पावसाळा संपत आला असावा, की नुकताच सुरू झाला असावा, यावर त्यांनी आमच्या कट्ट्यावर आठवडाभर मतं घेतली. कवी विसरभोळे असतात, सबब छत्री कवीची, असं मी म्हणालो. त्यांनी मला विद्यापीठाची पदवी कुणी दिली याची चौकशी केली. ती त्यांनीच दिली होती.

दोन वर्षांनी निकाल लागला. छत्री एका ड्रॉइंगच्या दामले मास्तरांची होती. कृष्णाजींचा तिच्याशी काडीचा संबंध नव्हता. मी म्हटलं, सुटलो. पण सर सुटणारे नव्हते. चरित्राच्या पहिल्या खंडात 'परिशिष्ट ड' आहे : 'छत्रीचा प्रश्न'. बारा पानं. शेवटच्या परिच्छेदात निर्णय दिलाय की प्रस्तुत छत्री चरित्रनायकाची नव्हे. प्रकाशकांनी विचारलं, "मग ती पुस्तकात कशाला?" सर म्हणाले, "उद्या दुसऱ्या कुणाला कार्ड सापडलं आणि त्यानं ती कृष्णाजींच्या हातात दिली तर?"

प्रकाशक भला माणूस होता. त्याला दोनशे पानं हवी होती, मुखपृष्ठावर कवीचा चेहरा हवा होता आणि दिवाळीपूर्वी पुस्तक हवं होतं. दिवाळी कुठली ते त्यानं सांगितलं नव्हतं, एवढंच सरांच्या पथ्यावर पडलं. बाड आलं ते अकराशे पानांचं, आणि ते संपत होतं १८८९ ला, कृष्णाजी मॅट्रिक झाले तिथं. चेहऱ्याचं तर विचारूच नका. चित्रकारानं पगडी, मिशा, खोल डोळे असं एक रुबाबदार चित्र काढलं. सरांनी भिंग लावलं. "पगडीला पुरावा काय?" पगडी काढली. "मिशी कशावरून?" मिशी काढली. मग डोळ्यांची खोली कमी केली. शेवटी मुखपृष्ठावर एक पिवळसर आयत राहिला, त्यात नाव. पुढं सरांच्या नातवानं मोबाइलवर केशवसुतांचा रंगीत फोटो तयार करून आणला; उपरणं, मागं समुद्र, सगळं. सरांनी बराच वेळ पाहिला, आणि विचारलं, "मूळ प्रत कुणाकडे आहे?"

हिशेब साधा आहे. कृष्णाजी ३९ वर्षं जगले. सरांना त्यांचं चरित्र लिहायला घेऊन चाळिसाच्या वर वर्षं झाली. म्हणजे दामल्यांना जे आयुष्य जगायला लागलं, त्याहून जास्त वेळ सरांना ते लिहायला लागलाय, आणि अजून 'झपुर्झा' यायची आहे. हे बोलून दाखवलं की सर बंगालकडे बोट दाखवतात (या वेळी जमिनीकडे नव्हे, पूर्वेकडे). प्रशांतकुमार पालांनी रवींद्रनाथांचं चरित्र लिहिलं, नऊ खंड झाले, पाल गेले, आणि रवींद्रनाथांचं कितीतरी आयुष्य अजून लिहायचं राहिलंच होतं. हे सांगताना सरांच्या आवाजात दुःखाचा लवलेश नसतो. असूया असते.

खरं तर मराठीत चरित्र म्हटलं की दोनच तऱ्हा. एकीत नायकाची आरती असते, दुसरीत त्याच्यावर खटला. पहिलीत तो जन्मल्याबरोबर आसपासच्या लोकांना त्याच्या थोरवीची चाहूल लागते. दुसरीत त्याचं सगळं कुणाकडून तरी उचललेलं असतं. मधल्या वाटेनं जाणारे थोडेच. न. चिं. केळकरांनी टिळकांचं तीन खंडी चरित्र लिहिलं, १९२३ आणि १९२८ मध्ये. ते घरातले, सगळं जवळून पाहिलेले, आणि त्या जवळिकीचे फायदे-तोटे दोन्ही त्यात आहेत. दुसरे रत्नागिरीचे धनंजय कीर. मुंबई महापालिकेत कारकुनी करून या माणसानं सावरकर, आंबेडकर, फुले, टिळक, शाहू छत्रपती अशी एकामागून एक चरित्रं इंग्रजीतून लिहिली. त्यातलं आंबेडकरांचं १९५४ साली, खुद्द बाबासाहेबांच्या हयातीत आलं. सरांच्या टेबलावर एकच फोटो आहे, तो कीरांचा. "यांचा फोटो मिळतो," एवढंच ते म्हणतात. पण मला वाटतं कारण निराळं आहे. कीरांना विद्यापीठाची खुर्ची नव्हती, वेतन आयोग नव्हता, सहा महिन्यांची अभ्यासरजा नव्हती. सरांना हे सगळं होतं आणि त्याची त्यांना आतून थोडी लाज वाटते.

काकूंनी या संसारात एकाच गोष्टीला ठाम नकार दिला. केशवसुतांचे धाकटे भाऊ मोरो केशव दामले. 'शास्त्रीय मराठी व्याकरण' हा १९११ चा त्यांचा ग्रंथ अजूनही व्याकरणाच्या अभ्यासकांना चुकवता येत नाही. एका भावानं मराठी कवितेचे रुळलेले नियम मोडले आणि दुसऱ्यानं मराठी भाषेचे नियम मांडले. अशी जोडी कुठल्या चरित्रकाराला खुणावणार नाही? सरांनी एका संध्याकाळी हळूच विषय काढला. काकू म्हणाल्या, "एकाला ठेवून घेतलं. त्याचा भाऊ घरात आणायचा नाही."

सरांचा खरा वाचक कोण, हे सांगायचं राहिलं. पहिल्या खंडाच्या तीनशे प्रती निघाल्या. काही ग्रंथालयांत गेल्या, काही नातेवाइकांना लग्नात आहेर म्हणून गेल्या. तो अकराशे पानांचा खंड पहिल्यापासून शेवटपर्यंत, तळटिपा, परिशिष्टं, सूची, शुद्धिपत्र यांसकट, एकाच माणसानं वाचला. ते म्हणजे रत्नागिरीकडचे एक कट्टर ऑक्टोबरवाले. त्यांनी एका त्रैमासिकात लांबलचक परीक्षण लिहिलं. त्यात सरांच्या एकशे चार चुका दाखवल्या, त्यातल्या अठ्ठ्याण्णव स्वल्पविरामाच्या. छत्रीवर बारा पानं खर्च केली ती योग्यच, असं म्हणून पुढं लिहिलं, 'मात्र निष्कर्ष आम्हांस मान्य नाही. छत्री केशवसुतांचीच.' सर संतापानं थरथरत होते. तो अंक त्यांनी उशाशी ठेवला, तो अजून तिथं आहे.

पुढं त्या गृहस्थांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि काही दिवस वाचनाची बंदी आली. आम्हाला वाटलं सरांना जरा बरं वाटेल. सर अस्वस्थ झाले. दुसऱ्या खंडाची प्रुफं आली होती. ती पिशवीत घालून ते रत्नागिरीला गेले, त्यांच्या अंगणात खुर्ची टाकून बसले आणि डोळ्यांवर हिरवा पट्टा बांधलेल्या त्या माणसाला त्यांनी स्वतःच्या आवाजात प्रुफं वाचून दाखवली. आधी तळटिपा, मग वेळ उरला तर मजकूर. तिसऱ्या दिवशी जन्मतारखेचा उल्लेख आला. दोघांचं कडाक्याचं वाजलं आणि सर मुक्काम अर्धा टाकून, न जेवता परतले. आता ते दोघं एकमेकांना फोन करत नाहीत. पत्रं लिहितात. पत्राच्या दोन प्रती काढतात. एक पाठवायची, एक आपल्या चरित्रकारासाठी.

कविता सरांना आवडते का, हा प्रश्न मी फार वर्षं जपून ठेवला होता. एकदा विचारला. चाळीस वर्षं संसार केलेल्या माणसाला 'बायको आवडते का' म्हणून विचारावं, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "उत्तर द्या की. मीही थांबलेय." सर काही बोलले नाहीत. बोट तेवढं जमिनीकडे गेलं.

मराठीत कवितेवर बोलायला माणसं पुष्कळ आहेत. केव्हाही, कुठंही, मानधन न घेतासुद्धा बोलतात. कवीच्या पत्त्यावर जाऊन घराचा क्रमांक बदललाय का ते पाहणारे थोडे. शाळेच्या पुस्तकात छापलेली तारीख खरी की खोटी, हे सांगायला शेवटी असाच एखादा चक्रम माणूस लागतो, आणि तो मेल्यावर त्याचं बाड रद्दीत जातं. म्हणून एक विनंती. या दिवाळीला माळा साफ कराल तेव्हा खाली ट्रंक निघेल. तिच्यात १९०५ च्या आधीचं एखादं कार्ड असेल, कुणा दामल्यांचा उल्लेख असेल, तर रद्दीवाल्याला हाक मारण्यापूर्वी आम्हाला कळवा. सर स्वतः येतील, स्वतःच्या खर्चानं, डबा घेऊन येतील. चहा बिनसाखरेचा द्या. कॅरमचं खोकं मात्र आधीच उघडून ठेवा. आणि छत्रीबद्दल काही असेल, तर कृपा करून काहीच बोलू नका.